एकशे सत्तावीस दातांचं चाक

मेहरआपाला मी पहिल्यांदा पाहिलं ते फक्त मनगटापर्यंत. शहागंजात एक खोली भाड्यानं मिळेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्या दुकानात शिरले होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मधोमध तेलानं काळा पडलेला जुना खराद. शहरातली शिकलेली माणसं त्याला लेथ म्हणू लागली होती. मालक युसूफ उस्ताद मात्र शेवटपर्यंत खरादच म्हणाले. मागच्या दारावर जाड निळा पडदा होता. उस्तादांनी गिऱ्हाइकाच्या हातातला स्क्रू घेतला, पट्टी लावून आटे मोजले आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "इंच में चौदा."

"बीस और सत्तर," आतून आवाज आला. लगेच पडद्याच्या कडेनं हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. त्यात लोखंडाची दोन दातेरी चाकं होती.

उस्तादांनी ती खरादाला चढवली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "दिमाग अंदर बैठा है, मियाँ. मैं तो हाथ हूँ." सांगताना त्यांना कसलाही कमीपणा वाटत नव्हता. असा नवरा मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही फार पाहिले नाहीत.

पोलीस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. गंगापूरकडच्या खेड्यातून मी पहिल्या नोकरीला औरंगाबादला आले होते. मुलींच्या शाळेत मराठी, इतिहास आधीच्या बायकांनी वाटून घेतले होते. उरलं ते गणित माझ्या पदरात पडलं. मला गणित येत होतं म्हणजे पाठ होतं. मूळ अवयव पाडा, लसावि काढा, मसावि काढा. "बाई, हे कशाला करायचं?" असं एका मुलीनं विचारलं तेव्हा मी तिला अंगठे धरून उभं केलं होतं. उत्तर माहीत नसलं की मास्तरकी अशीच करतात.

खोली मिळाली, दुकानाच्या वरची. बाईमाणूस असल्यामुळं मला पडद्यामागं जायची मुभा होती. आत गेले आणि दारातच थबकले. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक खिळ्याला एक चाक होतं आणि प्रत्येक चाकाखाली एक चिमुकली पुरचुंडी टांगलेली होती. चाकं पूर्वी बाहेर असत. पासष्ट दातांचं कुणीतरी उचलून नेलं तेव्हापासून आत आली.

"पुरचुंड्यांत काय आहे, आपा? औषध?"

"चाकाची हाडं," आपा म्हणाली. उंच, हडकुळी, चाळिशीची बाई. बोलताना नजर समोरच्याच्या कपाळावर ठेवायची, जणू तिथं आकडा लिहिलाय. तिनं वीस दातांच्या चाकाची पुरचुंडी सोडली: दोन चिंचोके आणि खारकेची एक बी. तीसच्या पुरचुंडीत एक चिंचोका, एक सीताफळाची बी, एक खारकेची. सत्तरच्या पुरचुंडीत चिंचोका, खारकेची बी आणि हिरव्या बांगडीचा तुकडा.

मला दोन मिनिटं लागली. चिंचोका म्हणजे दोन. सीताफळाची बी तीन; ती दौलताबादच्या सीताफळाचीच हवी, असा तिचा हट्ट होता. खारीक पाच. बांगडीचा तुकडा सात. वीस म्हणजे दोन, दोन, पाच. मी फळ्यावर रोज लिहीत होते तेच मूळ अवयव इथं फडक्यात बांधून ठेवलेले होते.

"शाळेत आम्ही यांना मूळ संख्या म्हणतो," मी जरा ऐटीत सांगितलं.

"मी जिद्दी म्हणते. चिंचोके मांडून बघ. बाराचा तीन-तीनच्या रांगा करून चौकोन होतो. तेराचा कर बरं! एकाच रांगेत उभे राहतात हट्टानं. मोडणार नाय म्हणतात."

खरादाचं काम मला तिनंच समजावलं. लोखंडाचा दांडा फिरतो आणि हत्यार त्याच्यावर आटे कोरत पुढं सरकतं. एका फेरीत किती सरकायचं ते चाकांचे दात ठरवतात. एक जोडी पुरत नसेल तर दोन जोड्या लावायच्या, त्यांच्या दातांचा गुणाकार होतो. आटे बदलले की चाकं बदलायची. दातांचं प्रमाण चुकलं तर नट बसत नाही आणि दांडा भंगारात जातो. "म्हणून अदद, म्हणजे आकडा, आधी तोडायचा. तुकडे हातात आले की कुठल्या चाकांत ते तुकडे आहेत तेवढंच बघायचं. रटायचं काय त्याच्यात?"

हे ती शिकली होती बापाकडून. बाप हिमरूचं नक्षीदार कापड विणायचा. पोलीस ॲक्शननंतर नवाबी शेरवान्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्याचे मागही बंद पडले, पण त्याआधी पोरीला त्यानं धागे मोजायला बसवलं होतं. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे किती आणि एका बुट्टीला, म्हणजे विणीतल्या एका फुलाला, किती लागतात, हे बुट्ट्या मांडायच्या आधी ठरवावं लागायचं. त्याच्या हातची एक शाल तिच्या पेटीत होती. ती दाखवताना तिनं किनारीतला एक धागा नखानं उचलून मला दाखवला. "हा जादा आहे. कुठंच बसत नव्हता, म्हणून अब्बांनी किनारीत टाकला. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाय." मी "हो का" म्हणून शाल परत दिली. मला त्यात विशेष काही दिसलं नाही.

आपाचं एक वेड होतं. आकडा दिसला की मोडायचा. टांग्याचा नंबर, एसटीचं तिकीट, मेलेल्या माणसाचं वय, काही सुटायचं नाही. मी तेवीस वर्षांची आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली. "जिद्दी उमर. यंदा लग्न होत नाय तुझं." पुढच्या वर्षी स्वतःहून म्हणाली, "चोवीस! दोन, दोन, दोन, तीन. लई मिळतं-जुळतं. आता होईल." झालं नाही. झालं ते एकोणतिसाव्या वर्षी, आणि एकोणतीसही जिद्दीच. आपा म्हणाली, "तर मग नवरा जिद्दी असंल." ते मात्र खरं निघालं.

एकदा मी वर्गात एक्क्याण्णव ही मूळ संख्या म्हणून फळ्यावर लिहून आले आणि घरी येऊन सहज बोलून गेले. आपा भाकरी थापत होती. पीठ लागलेले हात तसेच ठेवून हसायला लागली. "एक्क्याण्णव? अगं, ते ढोंगी आहे! वरून जिद्दी दिसतं, आत सात नि तेरा." मग उस्तादांना हाक मारून सांगितलं, "सुने क्या? मास्टरनी ने इक्क्यानवे कू जिद्दी बोली!" पडद्यापलीकडून उस्तादांचं हसू ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर चूक कबूल केली. बाईंची चूक म्हणजे वर्गाला सणच असतो. ती तारीख मुलींनी कितीतरी दिवस लक्षात ठेवली.

पण खरं शिकले ते साठवर. "तोड," ती म्हणाली. मी सहा दाहे केले, सहाचे दोन नि तीन, दहाचे दोन नि पाच. तिनं बारा पंचे घेतले, बाराचे तीन नि चार, चाराचे दोन नि दोन. दोघींच्या ओंजळी तिनं जमिनीवर शेजारी शेजारी रिकाम्या केल्या. दोन चिंचोके, एक सीताफळ, एक खारीक. माझ्याकडं तेच, तिच्याकडं तेच. "कुठल्याबी दारानं आत ये, घरात माणसं तीच." पुस्तकातलं हे प्रमेय मी परीक्षेत शब्दन्‌शब्द लिहून गुण मिळवले होते. ते खरं आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी तिच्या पुरचुंड्या शाळेत नेल्या आणि अंगठे धरून उभी केलेल्या त्या मुलीलाच पहिली पुरचुंडी सोडायला दिली.

तिसऱ्या वर्षी उस्तादांचा उजवा हात गेला. सकाळी चांगले खरादापाशी उभे होते आणि हातातला पाना खाली पडला, तो उचलताच येईना. तोंड जरा वाकडं झालं होतं ते महिन्याभरात सुधारलं, हात मात्र लोंबताच राहिला. दुकान बंद पडलं. उस्तादांचा धाकटा भाऊ सलीम दर दोन दिवसांनी यायचा आणि एकच रट लावायचा: खराद विकून टाकू. शेवटी गिऱ्हाईकही ठरवून आला, शुक्रवारी माल उचलणार म्हणून.

"खराद मी चालवीन," आपा पडद्यामागून म्हणाली.

"भाभी, हिसाब तुमकू आता, मानता हूँ. पन औरत के पास काम कौन लाएगा?"

"कुणी आणलं तर?"

"जुम्मे तक एक आदमी काम ला के दे, और काम ले के खुशी से जाए, तो मैं बेचने का नाम नै लूँगा." सलीम वाईट माणूस नव्हता. जिंकणार याची खात्री असली की माणूस उदार होतो, तसा तो उदार झाला होता.

तो दिवस सोमवारचा. मंगळवारी सकाळी माझा थोरला भाऊ गंगापूरहून एसटीनं आला, बगलेत फडक्यात गुंडाळलेला हातभर दांडा घेऊन. गोदावरीकाठी आमचा ऊस होता आणि पाण्यावर परदेशी बनावटीचा नवा पंप. त्याच्या झडपेच्या दांड्याचे आटे झिजून सपाट झाले होते. दादा माझ्याकडं पिशवी टाकून दोन कारखान्यांत जाऊन आला. दुपारी परतला तो डोक्याला हात लावून.

"दोघंबी नाय म्हनले. ह्याचे आटे म्हनं मिलिमीटरचे हायेत आन हितले समदे खराद इंचाचे. त्याला एकशे सत्तावीस दातांचं चाक लागतंय, ते मुंबैला मिळंल, महिना लागंल. महिन्यानं ऊस ऱ्हाईल व्हय उभा?"

मी म्हटलं, "दादा, खाली विचार."

"खाली कोन? त्या उस्तादाचा तर हात गेलाय."

"आपा आहेत."

दादानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू ह्या पोरीला शिकवून चूकच झाली. "बाईमानसाच्या हातात देऊ व्हय मी पंपाचा दांडा? येड लागलंय का तुला?"

"दोघांनी नाहीच म्हटलंय ना? मग जाणार काय आहे तुझं? भंगारच आहे ते."

हे त्याला पटलं. शेतकऱ्याला फुकटात जाणारं काही नाही म्हटलं की पटतं. आम्ही खाली गेलो. उस्ताद बाजेवर बसले होते. दादानं दांडा त्यांच्या पुढ्यात ठेवला, त्यांनी डाव्या हातानं तो पडद्याच्या कडेनं आत सरकवला. झिजलेल्या भागापलीकडं थोडे आटे शाबूत होते. आपानं त्यांना काजळ लावून कागदावर दांडा फिरवला, आणि उमटलेल्या रेघांवर माझी शाळेतली नवी सेंटिमीटरची पट्टी ठेवली. दहा आट्यांना वीस मिलिमीटर. एका आट्याला दोन.

इंचात पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर, एवढं मी सांगितलं. पुढचं तिनं पाटीवर केलं. दहापट केले की दोनशे चौपन्न. त्यातला चिंचोका बाहेर काढला की एकशे सत्तावीस. तिच्या खरादाच्या मूळ स्क्रूला इंचात चार आटे होते; त्या हिशोबानं वर चाळीस, खाली एकशे सत्तावीस असं प्रमाण हवं होतं.

"हा मोडतो का बघू," म्हणून मी सातापासून पुढं भाग देत बसले. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. आपानं पाटीवरचा माझा हात धरला.

"थांब. अकराच्या पुढं कशाला जातीस? तेरा तेरा एकशे एकोणसत्तर, ते तर याच्याहून मोठं झालं. तेरा किंवा त्याहून मोठा कुणी याला भागत असंल, तर जोडीला धाकट्याला घेऊन येईल. मोठा एकटा येत नसतो. आणि धाकटे सगळे बघून झाले. हा जिद्दी आहे."

गणिताची शिक्षिका मी होते. माझ्या आधी तिला थांबायचं कुठं ते कळलं होतं.

कारखानेवाले खोटं बोलले नव्हते. एकशे सत्तावीस मोडत नाही, म्हणून ते दुसऱ्या चाकांत तुकड्यातुकड्यानं सापडत नाही, अख्खं चाकच लागतं. आपाची चाकं होती वीस, पंचवीस, तीस अशी शंभरपर्यंत; पासष्टचं चोरीला गेलेलं, पंचावन्नचे दात तुटलेले, आणि पंच्याऐंशी-पंच्याण्णव कधी घेतलेलीच नव्हती. म्हणजे तिच्या भिंतीवर दोन, तीन, पाच आणि सात याखेरीज काहीच नव्हतं.

"जिद्दी मोडत नसंल तर शेजाऱ्याकडं जाऊ," ती म्हणाली. "एकशे सव्वीस. दोन, तीन, तीन, सात. हे सगळे घरात आहेत."

पण चाकं काढून झाली तरी ती उठली नाही. आता चाकं पडद्याबाहेर देऊन भागणार नव्हतं. हात तिचाच लागणार होता, आणि बाहेर परका माणूस बसला होता. उस्ताद उठून आत आले. मी बाजूला सरले.

"चूडियाँ खराद में फँसेंगी," ते म्हणाले. आपा खाली बघत राहिली. नवरा जिवंत असताना बांगड्या उतरवणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. उस्तादांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं एकेक बांगडी हळूहळू काढू लागले. "मैं जिंदा हूँ. और मैं ही उतार रहा हूँ. शाम कू फिर पहन ले." बारा बांगड्या होत्या. एकही फुटली नाही.

मग आपानं ओढणी मागं घट्ट बांधली आणि पडदा बाजूला सारला. दादा चटकन उभा राहिला. कुणाच्या आईसमोर उभं राहावं तसा.

पितळेच्या दांड्यावर आधी नमुना कापला. उस्ताद शेजारी बसून डाव्या हातानं खुणा करत होते, "हल्लू, हल्लू." कापलेले आटे तर सुरेख दिसत होते. दादानं पिशवीतून आणलेला पंपाचा जुना नट लावला. एक फेरी, दोन, तीन, आणि नट अडकला.

"म्हनलं नव्हतं?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं.

आपानं नमुना हातात फिरवला. "सव्वाशेला एकाची चूक. लई झाली," एवढंच बोलली आणि आत गेली.

बुधवारी शाळेतून आले तेव्हा ती पाटी घेऊन भिंतीशी बसली होती. पाटी पुसून पुसून पांढरी झाली होती. पेटीतली शाल बाहेर होती, मांडीवर उलगडलेली. मला बघताच म्हणाली, "बस. अब्बांनी काय केलं होतं, सांग."

"काय?"

"बुट्टी धाग्यात बसली नाय तर ते बुट्टी कापायचे नायत. बुट्टी पुन्हा पुन्हा मांडत जायचे. दोनदा, पाचदा, वीसदा. कधीतरी हिशोब असा येतो की शेवटी एकच धागा उरतो, नाहीतर एकच कमी पडतो. मग एक धागा किनारीत टाकायचा, किंवा किनारीतून घ्यायचा. मी काल एकदाच मांडून चूक किनारीत टाकली. एकातच टाकली म्हणून दिसली. एकशे सत्तावीस पुन्हा पुन्हा मांडायचे. कुठंतरी शेजारी असा भेटेल की जो आपल्या बियांत मोडतो. जितका लांब जाऊ तितका तो एक धागा बारीक होतो."

मी चपला काढायच्याही विसरले होते. तिथंच बसले आणि दोघी कामाला लागलो. दुप्पट, तिप्पट, चौपट. प्रत्येक वेळी एक वाढवायचा, एक कमी करायचा आणि दोन्ही शेजारी मोडून बघायचे. कुणात एकोणीस निघायचा, कुणात सदतीस. आमच्या भिंतीवर नसलेली जिद्दी पोरं. सत्तावीसपटीला तीन हजार चारशे एकोणतीस आले, त्यात एक घातला आणि आपा ओरडलीच, "दोन, पाच, सात, सात, सात!" मी टाळी वाजवली. तिनं मात्र भिंतीकडं पाहिलं आणि पाटी पुसली. "बांगडीचे तीन तुकडे. सातवाली चाकं दोनच आहेत, पस्तीस नि सत्तर."

पुढं चाळीसपट, पन्नासपट, काहीच नाही. माझा धीर सुटत चालला होता. खोटं कशाला सांगू, मी मनात दादाला काय सांगायचं ते जुळवत होते. त्रेसष्टपटीचा गुणाकार मीच केला.

"आठ हजार एक."

आपानं खडू खाली ठेवला. ओठ हलत होते. मग पुरचुंड्यांकडं गेली, मुठीनं चिंचोके काढले, खारकेच्या बिया काढल्या आणि माझ्यापुढं मांडत गेली. सहा चिंचोके, तीन खारका.

"एक धागा किनारीत टाक," ती म्हणाली. "आठ हजार. वीस विसे चारशे, चारशे विसे आठ हजार. दोन आणि पाच, बाकी काही नाय! आणि त्रेसष्ट? तीन, तीन, सात. बांगडी एकच!" आणि ती चाळिशी ओलांडलेली पडदानशीन बाई दोन्ही हात वर करून जागच्या जागी गिरकी घेऊन नाचली. बाहेरून उस्ताद विचारत होते, "क्या हुआ? क्या हुआ?"

एकशे सत्तावीसच्या जागी आठ हजार भागिले त्रेसष्ट. चाळीसला तशी काटछाट केली की वर त्रेसष्ट आणि खाली दोनशे उरतात. चाकं बनावीत म्हणून तिनं दोन्हीकडं दोन-दोन खारका वाढवल्या. वरची झाली पस्तीस आणि पंचेचाळीस, खालची पन्नास आणि शंभर. चारही भिंतीवर होती. गेली कित्येक वर्षं तिथंच होती. आणि चूक उरली आठ हजाराला एक. हातभर दांड्यावर ती शोधायला शालीतल्या धाग्यासारखं नखच लावावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी उस्तादांनी पुन्हा बांगड्या उतरवल्या. आपानं निळा पडदा सरळ काढूनच टाकला आणि घडी करून कोपऱ्यात ठेवला. या वेळी पितळ नाही, खरं पोलाद. मी रजा टाकली होती. पोलादाचे कुरळे तुकडे निघून खाली पडत होते आणि दादा दर फेरीला वाकून बघत होता. शेवटी आपानं दांडा पुसून त्याच्या हातात दिला.

दादानं नट लावला. एक, दोन, तीन. तिसऱ्या फेरीला तो थांबला, आपाकडं पाहिलं आणि पुन्हा फिरवू लागला. चार, सात, बारा. नट टोकापर्यंत गेला आणि बोटाच्या धक्क्यानं परत आला.

"आयला! फिरतंय की!" दादा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मग त्यानं दांडा डोक्याला लावला. "आपा, माफी करा. मला अक्कल नव्हती."

"अक्कल आहे, भाऊ. चाकं नव्हती," आपा म्हणाली. उस्ताद तोंड फिरवून डोळे पुसत होते, अर्थात डाव्या हातानं.

दादा त्याच दिवशी जाणार होता. नाही गेला. शुक्रवारी सलीम गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा माझा भाऊ खरादाला टेकून उभा होता. "खराद विकायचा नाय," त्यानं सलीमच्या आधीच सांगून टाकलं. "आमच्या शिवारात अजून चार पंप हायेत असलेच. समदे दांडे हितंच येनार." सलीमनं खरादाकडं पाहिलं, मग पडदा नसलेल्या दाराकडं पाहिलं, आणि आपाला वाकून सलाम केला. शब्दाचा पक्का होता. नंतर बरंच काम त्यानंच आणून दिलं.

तो निळा पडदा पुन्हा दाराला लागला नाही. खरादावर धूळ बसू नये म्हणून काम संपलं की आपा तो त्याच्यावर पांघरायची. रोज सकाळी उस्ताद बांगड्या उतरवायचे आणि रोज संध्याकाळी त्याच बांगड्या चढायच्या. त्यातली एखादी कधी फुटलीच तर आपा म्हणायची, "चला, एक सात वाढला."

पुढच्या दिवाळीच्या आधी दादा मुंबईला गेला होता. येताना आपासाठी एक जड पुडकं घेऊन आला. उघडलं तर आत एकशे सत्तावीस दातांचं कोरं चाक. आपानं बोटानं एकेक दात मोजत अख्खं चाक फिरवलं. "बरोबर आहे," म्हणाली आणि नवा खिळा ठोकून ते टांगलं. खाली पुरचुंडीही बांधली. तिच्यात काय ठेवायचं? चिंचोका नाही, खारीक नाही. तिनं शालीच्या किनारीतला तो एक धागा ओढून काढला आणि पुरचुंडीत ठेवला.

मला वाटलं, आता मिलिमीटरचं काम सोपं झालं. पण पुढच्या कामाला तिचा हात पस्तीस आणि पंचेचाळीसकडंच गेला. "ते राहू दे टांगलेलं," म्हणाली. "मेहमान आहे. मेहमानाला काम लावतात का?"

सहा वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला खाली उतरले तेव्हा दुकानात एक माणूस उभा होता. दादाला नाही म्हणालेल्या त्या दोन कारखान्यांपैकी एकाचा मालक. टोपी हातात घेऊन विचारत होता, चार दिवसांसाठी ते चाक मिळेल का. आता मिलिमीटरचं काम वाढलंय, मुंबईहून मागवलेलं अजून आलं नाही.

आपानं चाक खिळ्यावरून काढलं, पुरचुंडी सोडून स्वतःकडं ठेवली आणि चाक त्याच्या हातात दिलं. चार दिवसांचं नावही काढलं नाही.

"आपा, आणि तुमचं?" मी विचारलं. "आज दादाचा दांडा कापायचाय ना?"

ती हसली. तिचा हात भिंतीवर पोचलासुद्धा होता. पस्तीस, पंचेचाळीस. तिनं खरादावरचा निळा पडदा एका झटक्यात ओढला, उस्तादांपुढं हात धरला आणि बांगड्या एकेक करून उतरू लागल्या. मी पिशवी उचलून रस्त्यावर आले. मागं खराद सुरू झाला होता, आणि माझ्या पुढं शहागंजाच्या गर्दीत तो मालक एकशे सत्तावीस दातांचं चाक छातीशी धरून घाईघाईनं चालला होता.